पाणबुडीवरचा माणूस शोधायचाय? मग आधी तारीख पकडा

एक ग्रुप फोटो, त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली दोन नावं, टोपीची एक रिबन, एखादं पदक, दोऱ्याने बांधलेली पाचसहा पत्रं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर असलेल्या माणसाचा माग काढायला बसतो तेव्हा हातात साधारण एवढंच असतं. आणि सगळे जण पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे हा कुठल्या पाणबुडीवर होता? प्रश्न चुकीचा नाही पण अर्धा आहे. पाणबुडीवरची माणसं एकाच बोटीवर सगळं युद्ध काढत नव्हती, दोन-चार गस्ती झाल्या की कोणाची बदली, कोणी आजारी पडून किनाऱ्यावर, कोणी ट्रेनिंगला, कोणी ऐनवेळी दुसऱ्याच्या जागेवर चढलेला, त्यामुळे "हा अमुक बोटीवर होता" हे खरं असूनही ती बोट बुडाली तेव्हा तो तिच्यावर नसेल असं अगदी होऊ शकतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे, बोट शोधू नका, तारीख शोधा. अमुक दिवशी हा माणूस कुठे होता, एवढं विचारत गेलात की बोट आपोआप सापडते.

त्यासाठी एक वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा आणि तीनच रकाने करा, तारीख, त्या दिवशी तो कुठे होता, आणि हे मला कशावरून कळलं. तिसरा रकाना कधीच रिकामा सोडू नका. घरच्यांनी सांगितलेलं असेल तर "घरच्यांनी सांगितलं" असं लिहा, कागदावर असेल तर कुठला कागद ते लिहा. सहा महिन्यांनी दोन गोष्टी एकमेकींशी भांडायला लागतात तेव्हा हाच रकाना वाचवतो.

आता वस्तूकडे या. आधी काहीही पुसू नका, घासू नका, पदकाला पॉलिश तर अजिबात नको, फोटो अल्बममधून ओढून काढू नका. फोटो आणि पत्र दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयला, पाकीट असेल तर पाकीटही, कारण कित्येकदा पत्रात काहीच नसतं आणि सगळं पाकिटावर असतं. सेन्सॉरमुळे पत्रात बोटीचं नाव, बंदर, तारखेचा अंदाज काही लिहू देत नसत. डायरी ठेवायलाही ब्रिटिश आणि अमेरिकन नौदलात बंदी होती, तरी लोक ठेवायचे, पण त्यातही बोटीचं नाव सहसा टाळलेलं असतं. मग अशा डायरीत बंदरात शिरल्याच्या, निघाल्याच्या, हल्ल्याच्या तारखा वेचायच्या आणि गस्तीच्या रिपोर्टशी जुळवायच्या. चारपाच तारखा ओळीने जुळल्या की बोट हीच असं म्हणायला हरकत नाही, एकच जुळली तर म्हणू नका.

टोपीच्या रिबनवर लोक फार आशा लावून बसतात आणि इथे निराशा होते. युद्धाच्या काळात गुप्ततेसाठी जहाजांची नावं रिबनवरून काढलेली होती. ब्रिटिश खलाशाच्या टोपीवर नुसतं एच.एम.एस. किंवा एच.एम. सबमरीन्स, जर्मन टोपीवर नुसतं क्रीग्समरीन, अमेरिकन टोपीवर यू.एस. नेव्ही. म्हणजे रिबन नौदल सांगते, बोट सांगत नाही. पण त्यातूनही एक फायदा आहे, रिबनवर जहाजाचं पूर्ण नाव असेल तर तो फोटो बहुधा युद्धाच्या आधीचा किंवा नंतरचा, आणि ही तुमच्या वहीतली पहिली तारीख.

नावांचा घोळ वेगळाच. एकच बोट दोन नावांनी सापडते. एच.एम.एस. थेटिस १ जून १९३९ ला लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली, ९९ माणसं गेली, ४ वाचली, मग तीच बोट वर काढून, दुरुस्त करून थंडरबोल्ट नावाने युद्धात उतरवली आणि मार्च १९४३ मध्ये ती पुन्हा बुडाली. घरात कोणी "आजोबा थेटिसवर होते" असं म्हणत असेल तर कुठल्या वर्षी ते विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. ब्रिटिशांच्या बऱ्याच छोट्या बोटींना सुरुवातीला नुसते नंबर होते, पी ४२ म्हणजे नंतरची अनब्रोकन, पी २११ म्हणजे सफारी, चर्चिल यांनी आग्रह धरल्यावर नावं दिली गेली, आणि पी २२२ तर नाव मिळायच्या आधीच डिसेंबर १९४२ मध्ये बुडाली. त्यामुळे १९४२ च्या पत्रात नंबर आणि १९४३ च्या पत्रात नाव दिसलं म्हणून दोन बोटी धरू नका. उलटंही होतं, एकच नाव अनेक बोटींना. अमेरिकेच्या सीवुल्फ नावाच्या बोटी बघा, १९४४ ला हरवलेली एस.एस. १९७, नंतर अणुशक्तीवरची ५७५, त्यानंतर २१ नंबरची. नावापेक्षा हल नंबर, म्हणजे नौदलाने बोटीला दिलेला असा क्रमांक, लिहून ठेवायची सवय लावा.

ब्रिटिश माणूस असेल तर सगळ्यात आधी त्याचा सर्व्हिस नंबर शोधा. त्या नंबरच्या पुढची अक्षरं बोलतात. सी म्हणजे चॅथम, पी म्हणजे पोर्ट्समथ, डी म्हणजे प्लिमथचं डेव्हनपोर्ट, ही त्याची मूळ बंदरं. त्यानंतर जे.एक्स. असेल तर डेकवरचा खलाशी, के.एक्स. असेल तर स्टोकर म्हणजे इंजिनाकडचा. तो युद्धात मारला गेला असेल आणि कबर नसेल तर नाव याच तीन बंदरांच्या स्मारकांपैकी एकावर असतं, चॅथम, पोर्ट्समथ किंवा प्लिमथ. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट फुकट आहे, तिथे नाव टाकलं की तारीख, हुद्दा, बोट आणि बऱ्याच वेळा आईवडिलांची, बायकोची नावं आणि गाव मिळतं. ही शेवटची ओळ फार मोलाची आहे, कुटुंब शोधायला तिथूनच सुरुवात होते.

जिवंत परतलेल्यांचं मात्र अवघड. ब्रिटिश नौदलात त्या काळातल्या बोटवार क्रू लिस्ट जवळपास राहिलेल्याच नाहीत, म्हणजे "एच.एम.एस. अमुक, १९४३, सगळी नावं" असा कागद मागायला गेलात तर रिकाम्या हाताने याल. इथे माणसाच्या सर्व्हिस रेकॉर्डवरून उलटं यावं लागतं, आणि तिथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण रेकॉर्डमध्ये पाणबुडीचं नाव बऱ्याचदा नसतंच, डेपो शिपचं, म्हणजे पाणबुड्यांना सामान आणि दुरुस्ती पुरवणाऱ्या मोठ्या जहाजाचं, किंवा किनाऱ्यावरच्या तळाचं नाव असतं. डॉल्फिन दिसलं तर ती पाणबुडी नाही, तो इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टचा किनाऱ्यावरचा तळ. टॅल्बट म्हणजे माल्टा, मेडवे म्हणजे भूमध्य समुद्रातली डेपो शिप जी ३० जून १९४२ ला इजिप्तजवळ बुडाली, एल्फिन म्हणजे इंग्लंडमधलं ब्लाइथ, अ‍ॅडमंट म्हणजे श्रीलंकेतलं त्रिंकोमाली. कधी डेपोच्या नावापुढे कंसात बोटीचं नाव बारीक अक्षरात असतं, नसलं तर मग पुन्हा तारखा. तो टॅल्बटवर कधी ते कधी होता, त्या दिवसांत माल्टाहून कुठल्या बोटी गस्तीवर होत्या, ते लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये बघायचं. एडीएम १७३ या फाइलींच्या गटात पाणबुड्यांच्या लॉगबुका, म्हणजे रोजच्या नोंदवह्या, आहेत, एडीएम २३६ आणि एडीएम १९९ मध्ये गस्तीचे रिपोर्ट. अधिकारी असेल तर काम सोपं, नेव्ही लिस्ट म्हणजे अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जायच्या आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने त्या स्कॅन करून ऑनलाइन टाकल्यात. आणि गॉस्पोर्टलाच रॉयल नेव्ही सबमरीन म्युझियम आहे, तिथे फोटो, कागद आणि जॉली रॉजर म्हणजे कवटीचे झेंडे आहेत, ज्यावर बुडवलेल्या जहाजांच्या पट्ट्या शिवलेल्या असायच्या. झेंड्याचा फोटो तुमच्याकडे असेल तर पट्ट्या आणि खुणा मोजा, त्या मोजणीवरून फोटो कुठल्या गस्तीनंतरचा ते काढता येतं, आणि मला हे काम सगळ्यात आवडतं कारण तिथे कापडावर शिवलेली तारीखच असते म्हणा ना.

ब्रिटिश पदकांबद्दल एक कडू गोष्ट सांगते. १९३९ ते १९४५ स्टार, अटलांटिक स्टार, वॉर मेडल ही पदकं ब्रिटिश खलाशांना नाव न कोरता दिली गेली. त्यामुळे कोणी "ही पदकं अमुक पाणबुडीवरच्या अमुक माणसाची" म्हणून विकत असेल तर पदकाकडे बघून ते सिद्ध होतच नाही. सिद्ध करतो तो कागद, पदकं ज्या पुठ्ठ्याच्या छोट्या डबीतून पोस्टाने आली तिच्यावरचं नाव-पत्ता. ती डबी लोक कचरा म्हणून टाकतात, कृपा करून टाकू नका, पदकापेक्षा ती जास्त बोलते. तसंच सोनेरी डॉल्फिनचा ब्रिटिश बिल्ला कोणी "युद्धातला" म्हणून दाखवला तर थांबा, तो बिल्ला ब्रिटिश नौदलात युद्धानंतर कितीतरी वर्षांनी आला.

अमेरिकन माणसाचा माग त्यामानाने सरळ आहे. अमेरिकेने ५२ पाणबुड्या गमावल्या, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि ऑन इटर्नल पेट्रोल या साइटवर त्या हरवलेल्यांची नावं, जमेल तिथे फोटोसकट आहेत. ५२ बोटी राज्यांमध्ये वाटून प्रत्येक राज्याने एकेक बोट आपली मानली, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने दोन-दोन, म्हणून त्या त्या राज्यात त्या बोटीचं स्मारक आणि तिच्याबद्दल माहिती जमवणारी माणसं भेटतात. जिवंत परतलेल्यांसाठी मस्टर रोल बघायचे, बोटीवरच्या खलाशांच्या याद्या आणि कोण आला, कोण गेला याचे रिपोर्ट, तेही तारखेसकट, म्हणजे आपल्याला हवं तेच. पण मस्टर रोलमध्ये अधिकारी नसतात, ते डेक लॉगमध्ये बघावे लागतात, त्यामुळे लेफ्टनंट यादीत नाही म्हणून तो बोटीवर नव्हता असं ठरवू नका. वैयक्तिक फाइल सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये असते. तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती आणि लोक तेवढं ऐकून आशा सोडतात, पण जळल्या त्या आर्मीच्या आणि एअर फोर्सच्या फाइली, नेव्हीच्या नाही. नोकरी सुटून ६२ वर्षं झाली की फाइल सगळ्यांसाठी खुली होते, म्हणजे युद्ध संपल्यावर लगेच नेव्ही सोडलेल्यांची फाइल कोणीही मागू शकतो, नातेवाईक असायची गरज नाही.

अमेरिकन घरांत दोन कागद सापडतात ज्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. एक म्हणजे विषुववृत्त ओलांडल्याचं शेलबॅक सर्टिफिकेट, त्यावर माणसाचं नाव, बोटीचं नाव आणि तारीख असते, युद्धामुळे रेखांशाची जागा कधी कधी कोरी किंवा गुप्त म्हणून सोडलेली. दुसरा ख्रिसमस किंवा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा छापील मेनू, त्याच्या मागच्या पानावर कित्येकदा अख्ख्या क्रूची नावं छापलेली असतात. जेवणाचा कागद म्हणून बाजूला ठेवलेला असतो आणि तीच निघते तुमची क्रू लिस्ट! गस्तीचा छोटा चांदीचा बिल्ला असेल तर त्यावरचे तारे मोजा, एकेक सोन्याचा तारा म्हणजे पुढची एकेक यशस्वी गस्त. ताऱ्यांत पहिल्या गस्तीचा एक मिळवा, आणि तो बोटीवर असतानाच्या यशस्वी गस्तींची संख्या त्याच्याशी जुळत नसेल तर माणूस बहुधा दोन बोटींवर होता किंवा बिल्ला दुसऱ्याचा आहे.

जर्मन माणूस शोधायचा तर मन घट्ट करून बसा. यू-बोटींवर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवर, गेलेल्या साधारण ४० हजारांपैकी ३० हजारांच्या आसपास परत आले नाहीत. कीलजवळ मोल्टेनोर्टला स्मारक आहे, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या पाणबुडीवाल्यांची ३५ हजारांच्या आसपास नावं तिथे बोटीनुसार ब्राँझच्या पट्ट्यांवर आहेत, म्हणजे एक नाव सापडलं की त्याच्या शेजारी त्याचे अख्खे सोबती सापडतात. जर्मन युद्धकबरी सांभाळणाऱ्या फोल्क्सबुंड या संस्थेच्या साइटवर नावाने शोधता येतं. सैनिकांची माहिती सांभाळणारं बर्लिनचं जुनं ऑफिस २०१९ पासून बुंडेसआर्काइव्हमध्ये, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय अर्काइव्हमध्ये, आलंय, अर्ज तिथे करायचा आणि वाट बघायची तयारी ठेवायची. युद्धडायऱ्या फ्रायबुर्गच्या लष्करी अर्काइव्हमध्ये आहेत, पण त्यात खलाशांची नावं फारशी नसतात. नावं कुठे मिळतात तर शत्रूच्या कागदात. बुडालेल्या बोटीवरचे वाचलेले पकडले गेले की ब्रिटिश आणि अमेरिकन त्यांची चौकशी करून रिपोर्ट छापायचे आणि त्या रिपोर्टच्या शेवटी क्रूची यादी हुद्द्यासकट, वयासकट असते. कुक्सहाफेनला यू-बोट म्युझियमचं मोठं अर्काइव्हही आहे.

जर्मन पत्र हातात असेल तर पाकिटावर एम अक्षर आणि पुढे पाच आकडे आहेत का बघा, तो नौदलाचा फेल्डपोस्ट म्हणजे लष्करी टपालाचा नंबर, आणि यू-बोटींना स्वतःचे नंबर असायचे, त्यामुळे पत्रात एक शब्द नसला तरी पाकीट बोट सांगून जातं. टोपीवर लावलेली पत्र्याची छोटी चित्रं पण बघा. फुरफुरणारा बैल हे यू ४७ चं चित्र जे पुढे सातव्या फ्लोटिलाचं, म्हणजे पाणबुड्यांच्या ताफ्याचं, झालं, हसणारा करवतमासा नवव्या फ्लोटिलाचा, आणि ऑलिंपिकच्या कड्या दिसल्या तर बोटीचा कमांडर १९३६ च्या तुकडीत नौदलात आलेला. यू-बोटीचा पदकासारखा बिल्ला १३ ऑक्टोबर १९३९ ला सुरू झाला आणि बाजारात त्याच्या नकला ढिगाने आहेत, कागद सोबत नसेल तर नुसत्या बिल्ल्यावरून कोणाचंही नाव लावू नका.

आता ती गोष्ट ज्यामुळे मी यादीवर पूर्ण विश्वास ठेवत नाही. ६ डिसेंबर १९४१ ला एच.एम.एस. पर्सियस ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. ६१ जणांपैकी एकच वाचला, जॉन केप्स नावाचा स्टोकर, आणि तो त्या बोटीच्या क्रूमध्ये नव्हताच, अलेक्झांड्रियाला जायला प्रवासी म्हणून चढलेला. मागच्या बाजूच्या एस्केप हॅचमधून, म्हणजे सुटकेच्या झडपेतून, श्वासाचं यंत्र लावून तो वर आला, पोहत किनारा गाठला, बेटावरच्या लोकांनी त्याला दीड वर्ष लपवून ठेवलं. परत आल्यावर बऱ्याच जणांना त्याची गोष्ट खरी वाटली नाही, साक्षीदार नाही, क्रूमध्ये नाव नाही. १९८५ ला तो वारला. १९९७ मध्ये ग्रीक पाणबुड्यांनी, म्हणजे डायव्हरनी, बोट शोधली, तर हॅच उघडा होता आणि निघायच्या आधी ज्या बाटलीतून त्याने रमचा घोट घेतला असं तो सांगायचा ती बाटलीही तिथेच होती. म्हणजे यादीने ज्याला नाकारलं त्याला एका बाटलीने खरं ठरवलं. प्रवासी, ऐनवेळचे बदली, ट्रेनिंगला आलेले हे सगळे यादीच्या बाहेर राहतात. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर नेताजी, फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून यू १८० वर चढले आणि एप्रिलमध्ये मादागास्करच्या पलीकडे जपानी आय २९ वर गेले, दोन्ही बोटींवर ते होते पण क्रूमध्ये कुठेच नव्हते.

आणि "मृत" हा शब्दही तपासून घ्या. ४ जून १९४४ ला अमेरिकनांनी यू ५०५ जिवंत पकडली, ती आज शिकागोच्या म्युझियममध्ये आहे, पण पकडल्याची बातमी फुटू नये म्हणून ५८ कैद्यांना लुइझियानात बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं आणि जर्मनीत त्यांच्या घरच्यांना ते मरण पावले असं कळवलं गेलं. त्यामुळे घरच्यांच्या हातातला मृत्यूचा कागद पूर्ण अस्सल असूनही मजकूर चुकीचा असू शकतो.

कुटुंब शोधायची वेळ शेवटी येते, आणि ती घाईने करू नका. आईवडिलांचं गाव मिळालं असेल तर तिथलं जुनं वर्तमानपत्र, चर्चमधलं किंवा शाळेतलं स्मारक, लग्नाच्या नोंदी असं करत खाली यायचं. मुलींची आडनावं बदलतात म्हणून बहिणी आणि पुतण्या-भाच्यांकडून जास्त लवकर वाट सापडते. ग्रुनियन ही अमेरिकन बोट ३० जुलै १९४२ नंतर गप्प झाली, कमांडर एबल यांच्या मुलांनी २००६ मध्ये अलास्काच्या किस्का बेटाजवळ तिचा शोध लावला, आणि त्याच्याच जोडीने काही बायकांनी स्वयंसेवक म्हणून बोटीवरच्या ७० जणांचे नातेवाईक शोधायचं काम अंगावर घेतलं. समुद्राचा तळ शोधायला पैसा आणि सोनार लागतं, हे दुसरं काम मात्र फोन, पत्रं आणि चिकाटी यावर होतं, आणि माझ्या मते तेच जास्त मोठं.

पहिलं पत्र लिहाल तेव्हा थोडकं लिहा. तुम्ही कोण, तुमच्याकडे काय आहे, ते कुठून आलं, आणि तुम्हाला पैसे नकोत. बोट कशी बुडाली, शेवटच्या क्षणी काय झालं असेल हे पहिल्या पत्रात अजिबात नको, समोरच्या घरात त्याबद्दल ऐंशी वर्षं कोणी बोललेलं नसेल. आधी वस्तूचा फोटो पाठवा, वस्तू नको. दोन चुलतभाऊ दोघंही हक्क सांगू शकतात, त्यात तुम्ही पडू नका, दोघांना स्कॅन द्या आणि मूळ वस्तू कोणाकडे जाणार ते त्यांना ठरवू द्या, नाहीच ठरलं तर म्युझियमचा पर्याय सुचवा.

बोटीच्या सांगाड्यातून काढलेली वस्तू कोणी देऊ केली तर घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. ती माणसांची कबर आहे, ब्रिटनमध्ये १९८६ चा आणि अमेरिकेत २००४ चा कायदा अशा बोटींना संरक्षण देतो.

वस्तू तुमच्याकडेच राहणार असेल तर आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळा, लॅमिनेशन करू नका, ऊन आणि दमटपणापासून दूर ठेवा, आणि सोबत एक चिठ्ठी पेन्सिलीने लिहून घाला, माणसाचं नाव, सर्व्हिस नंबर, बोट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि हे कशावरून कळलं. जिथे खात्री नाही तिथे "बहुधा" लिहा. घरून उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांनी दुसरं पत्र टाका, पहिल्यापेक्षाही छोटं, आणि चिठ्ठीत त्याचीही तारीख लिहून ठेवा.